बारा गावचं पाणी प्यायलेलं विशेषण: ब्राव्हो, ब्राफ, ब्रेव्ह, ब्रा...

अंगतपंगत

नमस्कार मंडळी. हा धागा बरेच दिवस डोक्यात घोळत होता, आज पोरगं लवकर झोपलं म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही म्युनिकजवळ राहतो. मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा इथल्या किंडरगार्टनमध्ये जायला लागला. पहिलाच आठवडा, संध्याकाळी घ्यायला गेले तर बाई त्याच्या जॅकेटची चेन लावता लावता म्हणाल्या की आज तो 'झेअर ब्राफ' होता. माझं जर्मन तेव्हा यथातथाच, पण हा शब्द कळला असं वाटलं, इंग्लिशमधला ब्रेव्ह तो हाच, म्हणजे पोरगं शूर निघालं. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की नवी जागा, भाषा येत नाही, तरी रडला नाही, बाई म्हणाल्या शूर आहे हो तुमचा मुलगा. आईने तिकडून स्क्रीनवरच दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी बेकरीबाहेर एक म्हातारं कुत्रं बसलं होतं. पट्टा खांबाला अडकवलेला, पुढचे दोन्ही पाय जुळवलेले, नजर दारावर. मालकीणबाई पाव घेऊन बाहेर आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ब्राफ, गांझ ब्राफ. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुत्र्याने काही पराक्रम गाजवला नव्हता, ते सांगितलेल्या जागी न हलता बसून राहिलं होतं.

तर जर्मन ब्राफ म्हणजे आपलं 'शहाणं बाळ', 'गुणी बाळ'. दंगा न करणारं, सांगितलेलं ऐकणारं. ६ डिसेंबरला निकोलाउस येतो तो पोरांना पहिला प्रश्न हाच विचारतो, ब्राफ होतास ना रे वर्षभर? शेजारच्या डच लोकांचंही तेच, तिकडे उच्चार ब्राफ आणि कुत्र्याला शाबासकीही ब्राफ. जर्मनमध्ये लिहिताना शेवटी व्ह चं अक्षर असतं पण शब्द तिथेच संपला तर तोंडात फ येतो, आणि पुढे प्रत्यय लागला की तो व्ह परत जागा होतो: 'आइन ब्राव्हर हुंट' म्हणजे गुणी कुत्रा, 'आइन ब्राव्हेस किंट' म्हणजे शहाणं मूल. डच लोक सरळ उच्चाराप्रमाणे लिहितात, एकटा असताना फ, प्रत्यय लागला की व्ह. इंग्लिश येणाऱ्याची गंमत म्हणजे ते 'ब्राव्हर' लिहिलेलं बघून त्याला वाटतं जास्त शूर, पण इथे तो नुसता पुल्लिंगाचा प्रत्यय आहे (आणि 'जास्त ब्राफ' म्हणायचं तरी रूप तेच होतं, ते वेगळं).

तेव्हापासून हा शब्द मी गोळा करतेय. ऑफिसात एक इटालियन बाई आहे, ती चांगलं काम झालं की ब्राव्हा म्हणते. एक फ्रेंच आहे, त्याच्या भाषेत हाच शब्द नामाच्या आधी आला तर एक अर्थ आणि नंतर आला तर दुसरा. 'अँ ब्राव्ह ऑम' म्हणजे सरळमार्गी, भला माणूस, 'अँ-नॉम ब्राव्ह' म्हणजे धाडसी माणूस. शब्द तेच, जागा बदलली की माणूस बदलला. मराठीत असं नुसत्या जागेने होत नाही, आपल्याला शब्दच बदलावा लागतो.

माझं म्हणणं असं आहे की या शब्दाचा पहिला अर्थ शूर नाहीच. पहिला अर्थ आहे रानटी, न माणसाळलेला. आणि प्रत्येक भाषेला तो प्रवासात वेगवेगळ्या ठिकाणी भेटला, कुणाला रानात, कुणाला लढाईवर, कुणाला दरबारात, आणि जर्मन लोकांनी त्याला वेसण घालून अंगणात आणून बांधला. म्हणून डिक्शनरीत 'ब्रेव्ह = शूर' एवढंच शिकून युरोपात फिरलात तर दर सरहद्दीवर फसाल.

इथे बाकीच्या देशांत राहणारे बरेच जण आहात, तुमच्याकडचं सांगा प्लीज.

काजवा

धागा एकदम आवडला. मी स्पॅनिश शिकवते त्यामुळे रानातला भाग माझ्याकडे लागला असं समजा.

स्पॅनिशमध्ये उच्चार साधारण ब्राबो, व्ह नाहीच, दोन ओठ नुसते जवळ येतात. तोरो ब्राबो म्हणजे झुंजीसाठी खास पैदास केलेला बैल, त्याला शूर बैल म्हटलं तर अर्थाचं वाटोळं होतं, तो मारका बैल आहे, त्याच्या रक्तातच तो मारकेपणा जपलेला असतो. समुद्र ब्राबो म्हणजे खवळलेला. बार्सिलोनाच्या उत्तरेचा किनारा, कोस्ता ब्रावा, टूरवाले ज्याला हमखास नेतात, तो कडेकपारींचा, खडबडीत, लाटा आपटणारा म्हणून ब्रावा. हे नाव काही प्राचीन नाही, १९०८ मध्ये फेर्रान आगुल्यो नावाच्या पत्रकाराने एका कातालान वर्तमानपत्रात लिहिलं आणि तेच रूढ झालं. पातातास ब्रावास नावाचे बटाटे खाल्ले असतील कुणी तर त्यातला ब्रावास म्हणजे तिखट, झणझणीत. तिखटाला रागाचा शब्द लावणं आपल्याला काही नवीन नाही, आपला ठेचाही 'जहाल' असतोच.

अमेरिका आणि मेक्सिकोच्या मधली जी नदी अमेरिकेत रिओ ग्रांदे म्हणजे 'मोठी नदी', तिला मेक्सिकोवाले रिओ ब्राबो म्हणतात. एकाच पाण्याला अलीकडून मोठी म्हणायचं आणि पलीकडून बेफाम.

आणि कोलंबिया, व्हेनेझुएलाकडची माणसं 'एस्तोई ब्राबो' म्हणाली तर दोन पावलं मागे सरका, तो रागावलाय. माझ्या वर्गात एका मुलाने स्वतःची ओळख करून देताना मी शूर आहे म्हणायचं म्हणून नेमकं हेच वाक्य टाकलं होतं. शूर म्हणायचं तर बालियेन्ते.

बाजूच्या कातालान भाषेत तर हा शब्द झिजून 'ब्राउ' झाला आणि तो चक्क बैलाचंच नाव झाला. विशेषण राहिलं बाजूला, बैल उरला.

रानजाई

पोर्तुगालमधून हजेरी. काजवा, तू रानातला भाग घेतलास पण झाडं माझी :)

इथे लिस्बनकडे उच्चार ब्राव्हू. पोर्तुगीजमध्ये ब्राव्हूच्या उलट शब्द मान्सू, म्हणजे माणसाळलेला, शांत. ही जोडी झाडांनाही लावतात. किनाऱ्याकडे वाळूवर वाढणारं जे पाइनचं झाड आहे ते पिन्येइरू-ब्राव्हू, आणि छत्रीसारखं पसरलेलं, ज्याच्या बिया आपण काजूसारख्या खातो ते पिन्येइरू-मान्सू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं झाड कसलं शूर नि कसलं भित्रं. मग कळलं, आपण नाही का रान- लावत, रानकेळ, रानडुक्कर, रानभाज्या, तसा हा ब्राव्हू. म्हणजे तुम्ही म्हणताय तो पहिला अर्थ इथे अजून रोजच्या वापरात आहे, पुस्तकात शोधावा लागत नाही.

ब्राझीलमध्ये कसावाचे दोन प्रकार असतात, कडू जातीचा कंद विषारी असतो, किसून, पिळून, भाजून त्यातलं विष काढल्याशिवाय खाता येत नाही, तो मान्जिओका ब्रावा. गोडा तो मान्सा. म्हणजे तिथे हे विशेषण नीट कळणं हा जिवाचा प्रश्न आहे. आणि ब्राझीलची आई पोराला 'मी ब्रावा होईन हं आता' म्हणाली तर तो दम आहे.

मला एक कळत नाही, की रानटी, विषारी, रागीट यावरून गाडी टाळ्यांच्या 'ब्राव्हो'पर्यंत कशी गेली? वाईटाचं चांगलं झालं कसं?

जुना पिंपळ

रानजाईताई, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. जमेल तसं सांगतो.

व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत दोन मतं चालत आलेली आहेत. एक म्हणजे लॅटिन 'बार्बारुस', दुसरं म्हणजे लॅटिन 'प्रावुस', अर्थ वाकडा, दुष्ट. काही जण म्हणतात दोन्ही एकमेकांत मिसळले. मला पहिलं जास्त पटतं, कारण स्पॅनिश-पोर्तुगीजमधले बैल, झाडं, समुद्र यांना 'दुष्ट'पेक्षा 'रानटी' हाच अर्थ नीट बसतो. बार्बारुस आला ग्रीक बार्बारोसवरून, ज्याची बोली आपल्याला कळत नाही, नुसती बर-बर ऐकू येते असा परका माणूस. आणि आपल्या संस्कृतमधला 'बर्बर' तोच, तोतरं, अडखळत बोलणारा आणि पुढे परका, असंस्कृत. म्हणजे थिएटरात आपण ब्राव्हो ओरडतो तेव्हा त्या शब्दाचा चुलत भाऊ आपल्या घरात पोथीत बसलेला आहे.

आता वाईटाचं चांगलं कसं झालं. लांब जायला नको. संस्कृत 'धृष्ट' म्हणजे उद्धट, मर्यादा सोडलेला. त्याचं मराठीत झालं धीट, आणि आपण मुलाला कौतुकाने म्हणतो धीट आहे हो. हिंदीत त्याच धृष्टचं झालं ढीठ, आणि तिकडे ढीठ मुलगा म्हणजे निगरगट्ट, कितीही ओरडा, ऐकायचा नाही. नाशिकहून इंदूरला जाईपर्यंत एका शब्दाची स्तुतीची निंदा होते. तसंच ब्राव्होचं झालं. जो बैल कुणाला जुमानत नाही तो वाईट, पण लढाईत जो शिपाई शत्रूला जुमानत नाही तो चांगला. गुण एकच, बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

अनोळखी पाखरू

+१ जुना पिंपळ काका. आणि आमच्या पिढीचं बघा ना, मॅच बघताना 'काय खतरनाक शॉट मारला', 'डेंजर गातो यार तो', 'जबरी'. सगळे भीतीचे नि जबरदस्तीचे शब्द, आणि सगळी स्तुती. उद्या दोनशे वर्षांनी कुणीतरी विचारेल की खतरनाकचा अर्थ चांगला कसा झाला.

तिसरी घंटा

मी दोन वर्षं मिलानला होतो, ऑपेराचं वेड तिथेच लागलं, त्यामुळे टाळ्यांची बाजू मी घेतो.

आपल्याकडे आणि बाकी जगात 'ब्राव्हो' हा एक उद्गार आहे, गोठलेला. गायिका असो, वादक असो, अख्खा कोरस असो, ब्राव्हो. इटलीत ते अजून जिवंत विशेषण आहे आणि ते समोरच्याप्रमाणे वळलंच पाहिजे. पुरुष गायला तर ब्राव्हो, बाई गायली तर ब्राव्हा, सगळ्यांना मिळून ब्राव्ही, नुसत्या बायकाच असतील तर ब्राव्हे. मी पहिल्या वेळी सोप्रानो गायिकेला वरच्या गॅलरीतून जीव तोडून ब्राव्हो म्हटलं तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझ्या दंडाला हात लावून हळूच 'ब्राव्हा' म्हणून दुरुस्त केलं. पुढच्या प्रवेशानंतर ते माझ्याकडे बघत थांबले, मी ब्राव्हा म्हटल्यावर मान डोलावली. फारच आवडलं तर ब्राव्हिस्सिमा.

रोजच्या बोलण्यात ब्राव्हो म्हणजे हातात कसब असलेला, 'स्वयंपाकात ब्राव्हा आहे', 'गणितात ब्राव्हो आहे'. फ्रेंचसारखं जागेचं इथेही आहे, नामाच्या आधी 'ब्राव्हुओमो' म्हणजे भला गृहस्थ, नंतर 'उओमो ब्राव्हो' म्हणजे कामात तरबेज. मुलाला 'फाई इल ब्राव्हो' म्हणजे शहाण्यासारखं वाग, म्हणजे अंगतपंगत यांचा जर्मन अर्थही इथे आहेच. पण 'नॉत्ते ब्राव्हा' म्हणजे रात्रभर केलेली बेफाम मौजमजा, तिथे रान परत डोकावतं.

आणि एक अर्थ आता बोलण्यातून गेला तो म्हणजे भाडोत्री गुंड. सोळाव्या-सतराव्या शतकात लोंबार्दीचे सरदार पदरी मारेकरी बाळगायचे, त्यांना ब्राव्ही म्हणत आणि त्यांच्याविरुद्ध मिलानचे स्पॅनिश गव्हर्नर एकामागून एक फर्मानं काढत बसले. आलेस्सांद्रो मांझोनीची १८२७ ची कादंबरी सुरूच तिथून होते, ७ नोव्हेंबर १६२८ ची संध्याकाळ, एक भित्रा पाद्री पोथी वाचत घरी चाललाय आणि वाटेवर दोन ब्राव्ही उभे, उद्याचं लग्न लावायचं नाही म्हणून धमकी देतात. इटलीत ती शाळेत शिकवतात त्यामुळे तो अर्थ तिथल्या प्रत्येकाला माहीत असतो. त्याच शब्दाने गायिकेला टाळ्या आणि त्याच शब्दाने सुपारी घेणारा.

उत्तररात्र

स्वीडनमधून. आमच्याकडे तर या बिचाऱ्या शब्दाचा शेवटच गळून पडला, 'ब्रा'. (माहितेय काय वाटतं ते, नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आठ दिवसांत सवय होते.) ब्राफवरूनच आलाय पण आता शूर नाही, गुणी नाही, काही नाही, नुसतं 'छान, बरं'. कसं चाललंय, ब्रा. पुस्तक ब्रा, घर ब्रा, हवा ब्रा. नॉर्वेत निरोप घेताना 'हा दे ब्रा', म्हणजे बरं असू दे.

व्याकरणात तो तर कुणाचंच ऐकत नाही. स्वीडिश विशेषणं नामाप्रमाणे बदलतात, पण ब्रा बदलत नाही, एकवचन अनेकवचन काही असो, ब्रा तो ब्राच. आणि 'जास्त ब्रा' म्हणायचं तर दुसऱ्याच शब्दाकडून रूपं उसनी घेतो, बेत्रे, बेस्त.

अंगतपंगत

अरे वा, एका रात्रीत केवढं जमलं! सगळ्यांना मनापासून थँक्यू.

उत्तररात्र, तुमचं वाचून शाळेतलं विकारी-अविकारी आठवलं. इटालियन ब्राव्हो आपल्या चांगला-चांगली-चांगले सारखा, लिंगवचनाप्रमाणे वळणारा. स्वीडिश ब्रा आपल्या छान किंवा सुंदर सारखा, काही करा, हलत नाही. एकाच शब्दाची दोन मुलं, एक विकारी निघालं, एक अविकारी. फ्रेंच मधोमध, तिथे मूळ शब्दाच्या शेवटीच ए आहे त्यामुळे पुरुष-बाई दोघांना एकच रूप, आणि अनेकवचनाचा एस लिहितात पण बोलत नाहीत, म्हणजे कानाला कायम ब्राव्ह.

जर्मनबद्दल थोडं अजून शोधलं. इथेही हा शब्द सोळाव्या शतकात आला तेव्हा अर्थ शूर असाच होता. बर्गर नावाच्या कवीचं अठराव्या शतकातलं एक गाणं आहे, 'ब्राव्ह माणसाचं गाणं'. नदीला पूर, पूल दोन्ही बाजूंनी कोसळतोय, मधल्या खांबावर टोलवाला बायकापोरांसह अडकलाय, उमराव मोहरांची थैली दाखवतोय पण कुणी पुढे होत नाही. मग साध्या जाड्याभरड्या कपड्यातला एक शेतकरी होडी घालतो, तीन खेपांत सगळ्यांना काढतो, आणि ती थैली स्वतः न घेता सर्वस्व गेलेल्या त्या टोलवाल्याला द्या म्हणतो. तिथला ब्राव्ह आजच्या बालवाडीतला ब्राफ नाही, त्यात शौर्यही आहे आणि सचोटीही. मला वाटतं सैन्यातूनच हे वळलं असावं, चांगला शिपाई तो जो लढतो, मग चांगला शिपाई तो जो हुकूम पाळतो, आणि शेवटी लढणं गेलं, पाळणं राहिलं.

हिरवाकंच

वेल्समध्ये आठ वर्षं झाली, इथला नमुना कुणी टाकला नाही म्हणून लिहितो. वेल्शमध्ये तो इंग्लिशमधून आला, लिहितात फ चं अक्षर पण वेल्शमध्ये त्या अक्षराचा उच्चार व्ह, म्हणून ब्राव्ह. आणि अर्थ हवेचा! 'माएन ब्राव्ह' म्हणजे आज ऊन पडलंय, उघडीप आहे. इथे पाऊस किती पडतो ते बघता उघडीप झाली की माणसं दुकानात, बसस्टॉपवर एकमेकांना हेच सांगतात.

वेल्श शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त रडवतात ती आद्याक्षरं, कारण मागच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, स्त्रीलिंगी नामानंतर विशेषणातल्या ब चा व्ह होतो. पण ब्राव्ह बाहेरून आलेला, तो या नियमाला बधत नाही, ब तो ब च ठेवतो. समुद्रापलीकडे फ्रान्समधल्या ब्रेतोन भाषेत हाच शब्द फ्रेंचमधून गेला, अर्थ सुंदर, आणि तिथे मात्र तो नियम पाळतो, चांगली हवा म्हणजे 'आम्झेर व्राव'.

स्कॉटलंडमध्ये याचंच ब्रॉ झालंय, देखणं, झकास. तिकडचे लोक चांदण्या रात्रीला ब्रॉ म्हणतात.

जुना पिंपळ

हिरवाकंच यांनी स्कॉटलंड काढलं ते बरं झालं, कारण इंग्लिशमध्येही ब्रेव्हचा एक जुना अर्थ देखणा, भपकेदार, उंची कपडे घातलेला असाच होता. शेक्सपियरच्या टेम्पेस्ट नाटकात मिरांडा, जी बेटावर बापाशिवाय धड माणूस न बघताच वाढली, समोर एवढी माणसं बघून म्हणते 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'. ती जग शूर आहे म्हणत नाही, किती देखणं, किती झगमगतं जग म्हणते. हक्स्लीने १९३२ मध्ये कादंबरीला तेच नाव दिलं, आणि आपल्याकडे भलेभले त्याचं 'शूर नवं जग' करतात.

युरोपातल्या भाषांतरकारांनी काय केलं बघा. जर्मन नावात 'शोन' म्हणजे सुंदर. स्वीडिशमध्येही सुंदर. स्पॅनिशमध्ये 'सुखी जग'. पोर्तुगीजमध्ये 'अद्भुत नवं जग'. फ्रेंचमध्ये 'सर्व जगांत उत्तम जग'. इटालियनने तर विशेषण गाळलं, नुसतं 'नवं जग'. सगळ्यांच्या घरात हा शब्द होता, तरी एकानेही तो वापरला नाही. वापरला असता तर जर्मनमध्ये 'गुणी नवं जग' झालं असतं आणि स्पॅनिशमध्ये 'मारकं नवं जग'.

काजवा

काका, हे मी वर्गात सांगणार, तुमची परवानगी धरूनच!

पूर्वेकडचं थोडं मी टाकते. रशियनमध्ये ब्राव्ही म्हणजे रुबाबदार, छाती काढून चालणारा, जास्त करून शिपायाबद्दल. चेक लेखक हाशेकचा तो श्वेक नावाचा शिपाई, मूळ चेकमध्ये 'दोब्री' म्हणजे नुसता चांगला आहे, पण जर्मन आणि रशियन नावांत त्याला ब्राव्ह केलंय. पोलिशमध्ये 'ब्राव्हुरा' म्हणजे बेदरकारपणा, गाडी तशी चालवली की पोलीस धरतात, आणि त्याच मूळ इटालियन शब्दाचा संगीतात अर्थ गळ्याची तयारी. सर्बियन-क्रोएशियनमध्ये 'ब्रावा' म्हणजे दाराचं कुलूप, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, नुसता सारखा दिसतो, तो या यादीत कुणी घालू नका.

अंगतपंगत, एक विचारायचं राहिलं, जर्मनमध्ये ब्राफ अंगणात बांधला गेला, मग शूरला आता काय म्हणतात?

अंगतपंगत

टाफर. किंवा मूटिश. मोठ्यांच्या धाडसाला मूटिश जास्त, आणि दुखलं, भीती वाटली तरी टिकून राहिलं की टाफर.

गेल्या महिन्यात मुलाला लस द्यायला नेलं होतं. माझ्या मांडीवर बसला, बाही वर केली, सुई बघितली, माझं बोट घट्ट धरलं, डोळ्यांत पाणी आलं पण हात मागे घेतला नाही. डॉक्टरबाईंनी कापूस दाबला, त्याच्या दंडावर डायनासोरची पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, झेअर टाफर. ब्राफ नाही म्हणाल्या, मी नीट ऐकलं. घरी येऊन आईला फोन लावला आणि म्हटलं, आई, आज बाई खरंच शूर म्हणाल्या. तिने परत मीठमोहऱ्या घेतल्या.